आटे बसले म्हणजे जुळलं असं नाही

‘घरातली वीज’: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात टॉर्च आणि ब्लूटूथ स्पीकरमधल्या लिथियम सेलबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार एकाच वस्तूची निघाली: ई-सिगारेट, म्हणजे पोरं जिला ‘व्हेप’ म्हणतात ती. २०१९पासून आपल्या देशात ती बनवायला, आणायला आणि विकायला बंदी आहे, त्यामुळे या सदरात ती घ्यावी की नाही असा विचार दोन दिवस डोक्यात होता. प्रतापनगरच्या ताईंचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि तो संपला. बंदी असलेली वस्तू घरात शिरते तेव्हा तिच्याबद्दल विचारायला दुकान नसतं, कंपनीचं सर्व्हिस सेंटर नसतं. मग आईनं विचारायचं कुणाला?

‘ताई, मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची खोली आवरताना चष्म्याच्या डबीत एक पितळी नळी, काचेची छोटी टाकी, तारेची वेटोळी, कापूस आणि दोन गुलाबी सेल सापडले. सेल आमच्या जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढले म्हणतो. “आई, याचे सगळे पार्ट एकमेकांना बसतात, स्टँडर्ड आहे, म्हणून सेफ आहे,” असंही म्हणतो. ह्यांना अजून सांगितलं नाही. तो म्हणतो ते खरं आहे का?’ (प्रतापनगर)

ताई, वाचणं इथेच थांबवून आधी एवढं करा. नळीवरची टाकी फिरवून वेगळी करा. सेल बाहेर काढा. प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवा. किल्ल्या, नाणी, हेअरपिन यांच्यासोबत अजिबात नको. खिडकीच्या उन्हात नको. झालं की पुढे वाचा.

पार्ट एकमेकांना बसतात हे त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून सेफ आहे, हे खोटं आहे.

माझ्या वडिलांचं इतवारीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणसं बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन यायची आणि म्हणायची, ‘काल तर चालू होता भाऊ, फक्त नवा अडॅप्टर लावला.’ अडॅप्टर १२ व्होल्टचा, रेडिओ ६ व्होल्टचा, आणि गोल पिन मात्र दोन्हींची एकच. पिन छान बसायची आणि आतले कपॅसिटर फुगायचे. काही अडॅप्टरांत पिनेचा आतला भाग पॉझिटिव्ह, काहींत बाहेरचा. बाबा दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक अडॅप्टरवर पांढऱ्या ऑइलपेंटनं व्होल्टेज लिहून द्यायचे. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं, हे मी त्या दुकानात शिकले. पुस्तकात नंतर वाचलं.

तुमच्या मुलाच्या नळीचं तसंच आहे. तिच्या तोंडाशी जे आटे आहेत त्यांना या धंद्यात ‘५१०’ म्हणतात. जॉयटेक नावाच्या चिनी कंपनीच्या ५१० क्रमांकाच्या मॉडेलवरून हे नाव पडलं. व्यास ७ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. बाहेरचं कवच निगेटिव्ह, मधली पिन पॉझिटिव्ह, आणि दोघांच्या मध्ये वीज न वाहणारी एक बारीक रिंग. एवढंच. या आट्यांनी फक्त एक वचन दिलेलं असतं की फिरवलं तर घट्ट बसेल. किती करंट वाहील, कॉइल किती ओहमची असेल, मधली पिन किती बाहेर आलेली असेल, यांपैकी कशाचीही हमी त्यात नाही.

आता कॉइल. तारेचं वेटोळं तापतं, कापसानं शोषलेला द्रव त्यावर उकळतो आणि त्याची वाफ ओढली जाते. तार बहुतेक कँथालची किंवा निक्रोमची. निक्रोम आपल्या इस्त्रीत आणि हीटरमध्ये असते तीच. तारेचा रोध जितका कमी तितका करंट जास्त, हा ओहमचा नियम तुमच्या मुलानं अकरावी-बारावीत केलेला आहे. पूर्ण चार्ज केलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइल १.८ ओहमची असेल तर सव्वादोन-अडीच अँपिअर वाहतात. लॅपटॉपमधल्या सेलला ते जड नाही. पण दाट वाफेसाठी ही पोरं ०.२ ओहमची कॉइल वळतात. ४.२ भागिले ०.२ करा. २१ अँपिअर आले. तुमच्या घरातल्या एसीचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरला पडतो, आणि इथे २१ अँपिअर अंगठ्याएवढ्या सेलमधून काढायला निघालो आहोत. व्होल्टेज कमी असल्यानं वॅट फार नाहीत, हे खरं. पण सेलच्या आत जी उष्णता तयार होते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट चौपट झाला तर उष्णता सोळापट.

लॅपटॉपचे सेल साधारण ५ अँपिअरच्या आसपासच्या कामासाठी बनवलेले असतात. शिवाय ते लॅपटॉपमध्ये एकटे राहत नाहीत. त्यांच्यावर एक छोटं सर्किट पहारा देत असतं: करंट जास्त झाला, शॉर्ट झालं, सेल फार उतरला, तर ते जोडणी तोडतं. तुमच्या मुलानं सेल बाहेर काढला तेव्हा तो पहारेकरी बॅटरीच्या खोक्यातच राहिला. आणि पितळी नळीत, तुम्ही लिहिता त्यावरून, सर्किटच नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला. अशा उपकरणाला ते ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणतात.

पिनेचं सांगायचं राहिलं, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. काही नळ्यांमध्ये टाकीची मधली पिन सेलच्या पॉझिटिव्ह टोकावर थेट टेकते, मध्ये दुसरं काहीच नसतं. टाकीची पिन जर कवचाच्या काठाच्या बाहेर आलेली नसेल, तर पिनेऐवजी काठ सेलच्या टोपीवर टेकतो. काठ निगेटिव्ह, टोपी पॉझिटिव्ह, म्हणजे सगळा सेल शॉर्ट. दोन्ही पार्ट अस्सल ५१० आहेत, शेवटच्या आट्यापर्यंत सुरेख बसले आहेत, आणि तेवढ्यानंच स्फोट होऊ शकतो. नळीला गॅस बाहेर जायला भोकं नसतील तर ती नळी राहत नाही, बंदूक होते. २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेटचा स्फोट होऊन माणसं दगावली आहेत.

मुलाशी बोलताना एक करून बघा. ‘हे काय आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असेल. ‘या सेलमधून सलग किती अँपिअर काढायला कंपनीची परवानगी आहे, तो आकडा मला दाखव,’ असं म्हणा. मग शेजारी बसून त्याला वहीवर भागाकार करू द्या. बत्तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. रागावून हातातली वस्तू सोडणारी पोरं थोडी पाहिली, स्वतःच्या हातानं काढलेला आकडा बघून गप्प झालेली पुष्कळ. निकोटिनच्या सवयीचं बोलणं दुसऱ्या दिवशी करा, आणि तेही करायलाच हवं. पण सेल आज. ह्यांना केव्हा सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर घरात असा सेल आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आजच कळावं.

‘मॅडम, आम्ही हिंगणा रोडच्या कॉलेजचे चार फायनल इयरचे विद्यार्थी. कोणत्याही कंपनीचा पॉड, म्हणजे द्रव आणि कॉइल आत असलेली बंद डबी, कोणत्याही बॅटरीला बसेल असा युनिव्हर्सल अडॅप्टर आम्हाला प्रोजेक्ट म्हणून करायचा आहे. विकणार नाही, फक्त प्रोटोटाइप. ५१०चे आटे सगळ्यांनी घेतले, मग पॉडचं तसं का झालं नाही?’

तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला आणि तुमचा प्रोजेक्ट मला मान्य नाही. दोन्ही सांगते.

सिगारेटऐवजी वीज वापरण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६५मध्ये पेटंट मिळालं, पण वस्तू बाजारात चालली नाही. चीनचे फार्मासिस्ट होन लिक यांनी २००३मध्ये जे बनवलं त्यातून आजचा धंदा उभा राहिला. त्यांच्या सुरुवातीच्या रचनेत द्रवाचे तुषार करायला अल्ट्रासॉनिक कंपनं वापरली होती. पुढे तापणारी तार जिंकली, कारण ती स्वस्त. तेव्हा बॅटरी, अटोमायझर (द्रवाची वाफ करणारा भाग) आणि द्रवाची कार्ट्रिज असे तीन तुकडे असत. प्रत्येक मॉडेलचे आटे निराळे: ८०१, ९०१, ८०८, ५१०. त्यातून ५१० वर आला तो कोणत्याही मानक संस्थेनं ठरवून दिला म्हणून नव्हे. एकानं टाकी बनवली, दुसऱ्यानं बॅटरी, तिसऱ्यानं घरच्या लेथवर नळी, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या मालाला बसणारं काहीतरी हवं होतं. या क्षेत्रातले सुरुवातीचे कितीतरी शोध वापरणाऱ्यांनीच लावले. पिन लहानमोठी असण्याची जी अडचण वर ताईंना सांगितली, तिच्यावर स्प्रिंगवर मागेपुढे होणारी पिन आली. सेलच्या आणि कॉइलच्या मध्ये सर्किट आलं. ते सर्किट कॉइलचा रोध मोजतं आणि तुम्ही ठरवलेले वॅट द्यायला जेवढं व्होल्टेज लागेल तेवढंच देतं. ४० वॅट आणि ०.२ ओहम असेल तर सुमारे २.८ व्होल्ट.

मग २०१४मध्ये इव्हॉल्व या अमेरिकी कंपनीनं डीएनए ४० नावाचं सर्किट आणलं. माझ्या मते या सगळ्या धंद्यातला सर्वांत हुशार विचार त्यात आहे. कॉइलजवळ तापमान मोजणारा सेन्सर नाही, कॉइलच सेन्सर. निकेलची तार तापली की तिचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.६ टक्के. २० अंशांवरून २३० अंशांवर गेली तर रोध दुपटीहून जास्त होतो. सर्किट तो वाढलेला रोध वाचतं, तापमान काढतं आणि वीज आवरतं, म्हणजे कापूस कोरडा पडला तरी जळत नाही. पण यातही बसणं-जुळणं आलंच. कँथालचा रोध तापल्यावर जवळपास हलत नाही. निकेलसाठी लावलेल्या सर्किटला कँथालची कॉइल जोडली तर आटे बसतील, आणि तार लाल झाली तरी सर्किट समजत राहील की ती थंडच आहे.

पॉड आले ते हा सगळा गोंधळ टाळायला, हे मी त्यांच्या बाजूनं म्हणते. कॉइल ठरलेली, सेल ठरलेला, द्रव ठरलेला, चूक करायला जागाच नाही. २०१५मध्ये आलेल्या जूल या अमेरिकी ई-सिगारेटनं ही पद्धत घरोघर नेली. पण त्याच बंद जोडणीत कंपनीचा नफा आहे. उपकरण एकदा विकायचं आणि पॉड आयुष्यभर. सगळ्यांनी एकच खाच स्वीकारली तर तो नफा जातो, म्हणून पॉडचं ५१० झालं नाही. वर निकोटिन क्षाराच्या रूपात घातल्यानं घशाला टोचेना, आणि अमेरिकेत त्याचं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत गेलं. युरोपात कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, साधारण २ टक्के. शाळकरी पोरांच्या हाती ते पडलं ते या सोयीमुळे.

उघड्या जोडणीची दुसरी बाजूही बघा. २०१९मध्ये अमेरिकेत तरुण माणसं अचानक फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत भरती झालेले किंवा दगावलेले मिळून २,८०७ जण नोंदले गेले, त्यांत ६८ मृत्यू. मुख्य संशय ठरला व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. गांजातल्या टीएचसी या द्रव्याच्या चोरबाजारी कार्ट्रिजमध्ये तेल दाट दिसावं म्हणून ते मिसळत होते. अशा तेलाच्या कार्ट्रिजचे आटे बहुतेक ५१०चेच असतात. आटे द्रव तपासत नाहीत. तुमचा अडॅप्टरही तपासणार नाही.

आणि कायदा. २०१९च्या ई-सिगारेट प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ नीट वाचा. पूर्ण वस्तू असो वा तिचा कोणताही भाग, बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, सगळ्यावर बंदी. निकोटिन नसलं तरी सूट नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ‘फक्त प्रोटोटाइप’ हासुद्धा बनवलेला भागच आहे. पोरांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तोंडावर हे नको.

डोकं मात्र वाया घालवू नका. तापलेल्या तारेचा रोध वाचून तापमान धरून ठेवायचं, हेच तत्त्व हॉट-वायर अॅनिमोमीटरमध्ये आहे. प्लॅटिनमची किंवा टंगस्टनची बारीक तार व्हीटस्टन ब्रिजच्या एका भुजेत लावायची. वारा तिला थंड करतो, सर्किट तापमान टिकवायला करंट वाढवतं, आणि त्या करंटवरून वाऱ्याचा वेग काढायचा. त्याचं समीकरण किंग यांनी १९१४मध्ये मांडलं आहे. हे यंत्र बनवा आणि आपल्या नागपुरी कूलरवर लावा. खसाची ताटी, वुडवूल आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पॅड, तिन्हींतून किती हवा येते ते मोजा. पॅडवर क्षार साचल्यावर किती घटते तेही मोजा. ४५ अंशांत कूलरपुढे बसणाऱ्या या शहरात तो आकडा लोकांना हवा आहे. तारेवर पाण्याचे तुषार उडाले की मोजमाप चुकेल. तेवढी एक अडचण तुम्हाला सोडवायला पुरेल. महिनाभरानं आकडे पाठवलेत तर या सदरात छापेन.

‘मी वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स) निवृत्त झालो. चाळीस वर्षांपासून खर्रा खातो. पुतण्यानं दुबईहून हे यंत्र आणलं आणि म्हणाला, काका, यानं खर्रा सुटतो, आता नवी डिझाइन आली आहे. घ्यावं का?’ (उमरेड)

नाही काका. डिझाइन नवी असो की जुनी, आतलं निकोटिन तेच आहे. खर्ऱ्यात तंबाखू गालात राहते. ती सवय सोडवायला फुप्फुसाला नवी सवय लावायची, हे मला पटत नाही. या उपकरणांच्या वाफेत निकेल, क्रोमियम आणि शिसं यांचे अंश सापडलेले आहेत. ते तारेतून आणि जोडण्यांतून येतात.

१८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत फोन आहे, तिथे बोला. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो, तो किती आणि कसा घ्यायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि एक काम लांबवू नका. तोंड पूर्ण उघडायला त्रास होतो का, तिखटाची जळजळ होते का, गालात पांढरा चट्टा आहे का? यातलं एकही असेल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन तोंड तपासून घ्या. नसेल तरी चाळीस वर्षांनंतर एकदा जाच. ते यंत्र पुतण्याला परत देऊ नका, घरात लहान नातवंडं असतील तर त्यांच्या हाताला लागेल असंही ठेवू नका. त्यातला द्रव लहान मुलानं गिळला तर विषबाधा होते.

‘बर्डीत माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. पोट्टे डिस्पोजेबल व्हेप आणतात, चार्जिंग होत नाही म्हणतात. काही सोडून गेले, आता अकरा जमले. आतले सेल चांगले दिसतात. टॉर्च किंवा पॉवर बँकमध्ये चालतील का? दुरुस्ती करावी का?’

दुरुस्ती करू नका. बदललेला पोर्ट किंवा सेल हा विकलेला भाग धरला जाईल, आणि कलम ४ वर दिलंच आहे. त्यापुढे कलम ५ साठ्याबद्दल आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा नग म्हणजे साठा की नाही, यावर वकिलासमोर उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

सेल चालतील का, हा प्रश्न मात्र एका कारागिराचा आहे, म्हणून नीट उत्तर देते. तुम्ही उघडून पाहिलंच असेल: एक लांबोडा लिथियम सेल, कापसात भिजलेला द्रव, कॉइल आणि माइकच्या कॅप्सूलसारखा दिसणारा गोल तुकडा. तो माइक नाही, हवेचा दाब ओळखणारा सेन्सर आहे. ओढलं की तोच स्विच चालू करतो. सेल पुन्हा चार्ज होणाऱ्या जातीचाच असतो, आणि चार्जिंगचा पोर्ट नसलेल्या नगांतही तोच घालून एकदा वापरून फेकतात. मला या वस्तूचा सर्वांत जास्त राग येतो तो इथे. ब्रिटननं १ जून २०२५पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली, त्यामागे या कचऱ्याचंही कारण होतं.

तरीही हे सेल टॉर्चमध्ये घालू नका. बऱ्याच सेलवर पहारा देणारं सर्किट नसतं. किती वेळा तळापर्यंत उतरले, हे कुणालाच माहीत नाही. तळापर्यंत उतरलेल्या लिथियम सेलमध्ये तांबं विरघळून आत भलत्या जागी साचतं, आणि पुढच्या चार्जिंगला तिथेच शॉर्ट होतो. पॉवर बँकमध्ये असे वेगवेगळ्या वयाचे सेल समांतर जोडले तर चांगला सेल वाईटात करंट ओततो. व्होल्टमीटर ३.७ दाखवेल, सेल चकचकीत दिसेल, साच्यात बसेलही.

म्हणून नगांची यादी करा, जवळच्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे द्या आणि लेखी पोच घ्या. उघडून काढलेले सुटे सेल असतील तर टोकांना चिकटपट्टी लावून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. घंटागाडीचा कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो, आणि तिथे उन्हाळ्यात आधीच आगी लागतात. तोवर डबा काउंटरखाली ठेवू नका, लाकडी रॅकवरही नको. वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, सावलीत ठेवा. शक्यतो रविवार यायच्या आत हे उरका, कारण त्या दिवशी दुकानाचं शटर खाली असतं, वर पत्रा तापलेला असतो, आणि धूर निघाला तर तो बघायला आत कोणी नसतं.